कोब्याखालची तांबडी माती

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा बेडूक माणसांशी बोलायचे आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. माणसे ऐकत मात्र तेव्हाही नसत.

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होते. घरे एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. गावाच्या डोक्यावर झरा होता आणि त्याचे पाणी भाजक्या मातीच्या नळांतून घराघरांत यायचे. वरच्या घराची दगडी कुंडी भरली की पाणी त्याच घराच्या जमिनीखालून पुढे जायचे आणि खालच्या घराच्या कुंडीत पडायचे. म्हणजे प्रत्येकाचे पाणी शेजाऱ्याच्या पायाखालून यायचे. अशा गावाला शहाणपणाने राहावेच लागते, आणि बहुतेक दिवस ते तसे राहायचेही.

त्या गावाची एक रीत होती. कुणी घरातली जमीन नवी केली किंवा उकरून पुन्हा भरली, की चुन्याचा शेवटचा थर देण्याआधी खालच्या घरातल्या बाईला बोलवायचे. ती डोक्यावर भरलेली घागर घेऊन त्या जमिनीवरून अनवाणी चालायची. टाच कुठेच रुतली नाही तर जमीन पक्की. रुतली तर पुन्हा चोपायची. याला घागर फिरवणे म्हणत. खालच्याच घरातली बाई का, असे एखादे पोर विचारी. तेव्हा मोठी माणसे सांगत, "जमीन खचली तर नळ फुटंल, आन् पाणी तिचं जाईल. मग तपासायचं कुणी?"

या गावात भिकोबा नावाचा एक कामसू माणूस राहायचा. साऱ्या गावाचे बियाणे त्याच्या घरी असायचे. सुगीत प्रत्येक जण आपल्या शेतातले निवडक दाणे आणून त्याच्या माजघरातल्या मोठाल्या कणग्यांत ओती आणि पेरणीला घेऊन जाई. हा मान घराला वडिलांपासून मिळालेला होता, आणि तो मिळाला होता त्या माजघरातल्या जमिनीमुळे. सगळ्या गावात काळी माती. भिकोबाच्या वडिलांनी मात्र पल्याडच्या डोंगरावरून तांबडा मुरूम आणला होता, तो थराथराने चोपून बसवला होता आणि वर चुना नि विटांच्या भुकटीचा कोबा घातला होता. त्या कोब्यावरच्या दाण्याला ना ओल लागायची ना उंदीर. भिकोबा रोज सकाळी तो फडक्याने पुसायचा आणि पुसून झाल्यावर थोडा वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. आपल्या वडिलांच्या हातचे काम असे रोज बघायला मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

भिकोबाच्या खालचे घर हौसाबाईचे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, घरात एकटी, आणि जिभेने जरा तिखट. दोन्ही घरांच्या मध्ये उंच दगडी बांध होता. त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात जायचे तर गावच्या पाराला वळसा घालून जावे लागे.

एका वर्षी हौसाबाईच्या कुंडीतली धार बारीक झाली. मग धारेचे थेंब झाले. ती भिकोबाच्या दारात आली.

"भिकूभाऊ, तुमची कुंडी भरून वाहतीया आन् माझ्याकडं थेंब येतोय. मधी कुठंतरी नळ फुटलाय. तुमच्या जमिनीखाली."

भिकोबाने वळून कोब्याकडे पाहिले. नळ फुटला असेल तर कोबा फोडावा लागणार, तोही वडिलांच्या हातचा. "माझ्याकडं काय बी फुटलं न्हाई, अक्का," तो म्हणाला. "तुमच्याच नळात गाळ साचला आसंल."

काही दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी तिच्या पदरात ओंजळभर चिखलमाती होती. तांबडी.

"माझ्या परसात, बांधाच्या बुडातनं ही वाहून येतीया. आपल्या काळ्या गावात तांबडी माती कुठनं आली, तुमीच सांगा."

भिकोबाने मातीकडे पाहिले. त्याने ती ओळखली. बापाने आणलेला मुरूम मुलगा ओळखणार नाही का? पण तो म्हणाला, "माती ती माती. आली आसंल वाऱ्यानं."

एवढ्यावर थांबता तर निभावले असते. पण खोटे बोललेल्या माणसाला गप्प बसवत नाही. संध्याकाळी तो पारावर जाऊन बसला आणि चार माणसांत म्हणाला, "हौसाक्काला भांडायला काहीतरी लागतंच. आता म्हनं माझा कोबा फोडा. उद्या म्हनंल, गावाचं बियाणं उघड्यावर काढा."

बियाण्याचे नाव निघताच लोक घाबरले, आणि घाबरलेल्या लोकांनी विचार करायचे सोडून दिले. हौसाबाई भांडखोर ठरली. तिने पाण्याचा विषय काढला की माणसे उठून जात. दळायला बसताना बायका एकमेकींना हाका मारीत, तिला कुणी मारीना. उन्हाळाभर ती डोंगराच्या तळच्या ओढ्यावरून घागरीने पाणी वाहत होती. भिकोबाला ती खिडकीतून दिसायची. दिसली की तो खिडकी लावून घ्यायचा.

मग एका सकाळी कोबा पुसताना त्याच्या लक्षात आले, की एके ठिकाणची ओल काही केल्या जात नाही. कणगीच्या बुडाला हात लावला, तर तेही गार. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. बियाणे भिजले तर गाव पेरणार काय? त्याने घाईघाईने दाणे टोपल्यांनी उपसले, रिकाम्या कणग्या ओसरीवर नेऊन पुन्हा भरल्या, माजघराचे दार लावले आणि पहार घेऊन वडिलांचा कोबा आपल्याच हाताने फोडला.

नळाचा सांधा फुटलेला होता. पाण्याने खालचा मुरूम वाहून नेला होता आणि तिथे पोकळी झाली होती. भिकोबाने हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला तरी तळ लागेना.

सांधा त्याने नीट बसवला, हे कबूल केले पाहिजे. तेल, चुना आणि कापूस कुटून लगदा केला, सांध्याभोवती घट्ट लिंपला, नळाखाली दगडाचा टेका दिला. गळती थांबली. थोड्याच वेळात बांधाखालून, हौसाबाईच्या कुंडीत पाणी पडल्याचा आवाज आला.

त्याची बायको सगुणा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अवं, आता जाऊन सांगा त्यांला. माजीच चूक हुती म्हनावं."

"पाणी गेलं न्हवं? मग त्यात समदं आलं," भिकोबा म्हणाला.

त्याला हे मनापासून वाटत होते बरे का. गळती त्यानेच शोधली, त्यानेच थांबवली, आता पाणी जिथल्या तिथे पोचते आहे. आणखी करायचे काय उरले? तुम्ही आम्हीही पुष्कळदा इथेच थांबतो आणि हात झटकून मोकळे होतो.

राहिली जमीन. ती करायची खरी पद्धत त्याला ठाऊक होती. मुरूम थोडा थोडा टाकायचा, पाणी शिंपडायचे, धुम्मसाने ठोकायचा, मग वर दुसरा थर. एकट्याचे हे काम नव्हे. आळीतली माणसे बोलवावी लागतात. आणि माणसे आली की कुणीतरी विचारणारच, नळ फुटला होता का? शिवाय शेवटी घागर फिरवायला कोण येणार? हौसाबाई. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभे राहायचे?

म्हणून भिकोबाने दार उघडलेच नाही. फुटके दगड, कौलांचे तुकडे, चुलीतली राख, जे हाताला आले ते त्याने खड्ड्यात लोटले. दगड वरच अडकून बसले आणि खालची पोकळी तशीच राहिली. त्यावर त्याने परसातली काळी माती पसरली आणि चुना नि विटांची भुकटी गुळाच्या पाण्यात कालवायला घेतली.

"आतली ओल अजून सुकली न्हाई," सगुणा म्हणाली.

"पेरणी तोंडावर आलीया. कणग्या किती दिस ओसरीवर ठेवू?"

"आन् घागर?"

"मीच फिरवतो की."

आणि त्याने खरोखरच डोक्यावर घागर घेतली आणि फेरी मारली. सगुणा बघत होती. तो भिंतीकडून गेला, कडेकडेने वळला आणि दाराशी आला.

"मधनं न्हाई गेलात."

"गेलो की!" भिकोबा चिडून म्हणाला. त्याला वाटत होते आपण गेलो. पायांना मात्र ठाऊक होते, आणि ते त्या जागेला वळसा घालून आले होते.

मग त्याने वर चुन्याचा थर थापला आणि गुळगुळीत दगडाने तो कोबा असा घोटला, की त्यात तोंड दिसावे. वरून बघणाऱ्याला कुठे काही झाले होते अशी शंकासुद्धा आली नसती.

काही दिवसांनी सकाळी भिकोबा ओसरीवर बसला असताना एक जाडजूड बेडूक पायरी चढून आला.

"भिकोबा, तुझे उपकार कसे फेडू?" बेडूक म्हणाला. "छप्पर फार झकास घातलंस."

"कसलं छप्पर?"

"माझ्या घरावरचं. नळ गळायला लागला तेव्हापासून मी तिथं राहतो. ऐसपैस जागा आहे. हौसाबाईच्या परसातून आत यायला दारही आहे. वरून तेवढं कोरडं नव्हतं, ते तू केलंस. आता पोराबाळांना घेऊन येतो."

"माझ्या जमिनीखाली पोकळी न्हाई," भिकोबा म्हणाला. "खोटं बोलतोस तू."

बेडकाला राग आला नाही. तो म्हणाला, "तू ज्याला ज्याला खोटं म्हणतोस, तो तुझ्या खालच्या बाजूला राहणारा असतो. हे माझ्या ध्यानात आलंय." आणि तो टुणकन उडी मारून गेला.

भिकोबाला ते झोंबले. पण कोबा नुसता घोटायला काढला होता अशी गावाची समजूत होती, भरलेल्या कणग्या आत हलवायला ते दुसऱ्याच दिवशी येणार होते, आणि आता कोबा फोडायचा म्हणजे साऱ्यांना सारे सांगायचे. त्याने बेडकाचे बोलणे मनाआड केले.

दुसऱ्या दिवशी गडीमाणसे आली. गावचे पाटील आले. कोब्याची चकाकी बघून जो तो वाहवा करू लागला. पहिली कणगी चौघांनी उचलून आत आणली आणि नेहमीच्या जागी टेकवली.

आधी एक बारीक आवाज आला. कोब्याला तडा गेला. मग मधली जमीन खाली बसली, कणगी कलली आणि बियाणे भसाभस खड्ड्यात सांडू लागले. चौघांनी जिवाच्या आकांताने कणगी धरली म्हणून ती पुरती गेली नाही. धुरळा खाली बसतो न बसतो तोच भगदाडातून ज्वारीने माखलेला बेडूक बाहेर आला.

"छप्पर पडलं की रे!" तो ओरडला, आणि माणसांच्या पायांमधून निघून गेला.

कुणी हसले नाही. पाटील भगदाडाच्या काठाशी वाकून बघत होते. मग त्यांनी विचारले, "भिकोबा, घागर कुणी फिरवली हुती?"

"मीच," भिकोबा म्हणाला. त्या एका शब्दातच सगळे आले.

"मग ऐक," पाटील म्हणाले. "खालच्या घरानं घागर फिरवून जमीन पक्की म्हटलं, तर बियाणं हितं राहील. न्हाईतर पेरणीआधी दुसरं घर बघू. तुज्या बापानं मिळवलेला मान हाय. राखायचा का घालवायचा, तू ठरव."

त्या दिवशी दुपारी भिकोबा पाराला वळसा घालून हौसाबाईच्या घरी गेला. ती कुंडी घासत होती. कुंडी काठोकाठ भरलेली होती.

"अक्का," तो म्हणाला, "माझी जमीन खचली. घागर फिरवायला याल का?"

हौसाबाईने हात थांबवला नाही. "पाणी आलं त्या दिशी म्या वाट बघितली," ती म्हणाली. "वाटलं, आता कुणीतरी यील. एक शबुद बोलंल. कुणी आलं न्हाई. पाणी आलं, भिकूभाऊ. पर दळायला मला अजून कुणी हाक मारीना. ते कुठल्या नळानं यायचं?"

तिने परसाच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे तांबड्या मातीचा ढीग होता. वाहून आलेली सगळी माती तिने झाडून, वेचून, काळ्या मातीत मिसळू न देता एका बाजूला राखली होती.

"आधी ती तुमची माती घेऊन जा. तुमच्या वडलांनी आणलेली हाय. मला तिचं काय करायचं?"

भिकोबाने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि निघाला. पारावर माणसे बसलेली होती. एक म्हातारा म्हणाला, "भिकोबा, तांबडी माती कुठनं रं आणलीस?"

"भरावाला आणली," भिकोबा पुटपुटला आणि झपझप पुढे गेला.

घरी येऊन त्याने टोपली भगदाडाच्या काठाशी रिकामी केली. एवढ्या मोठ्या खड्ड्यापुढे ती माती चिमूटभर दिसत होती.

तो परत आला. या वेळी हौसाबाईने स्वतः टोपली भरली. दोन्ही हातांनी उचलून तिने ती त्याच्या डोक्यावर ठेवली आणि चुंबळ सरळ केली. "जड हाय. पायऱ्यांवर जपून जा," ती म्हणाली.

उन्हाळाभर ही बाई याच पायऱ्यांवरून घागरी वाहत होती. तेव्हा तिला जपून जा म्हणायला कुणी नव्हते, आणि आपण खिडकी लावून घेत होतो. भिकोबाला हे सगळे एकदम आठवले आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी आले. तो पारावर पोचला. या वेळी कुणी काही विचारले नाही. तो आपणहून थांबला.

"ही माती माझ्या घराखालची हाय," तो म्हणाला. मागच्यांना ते ऐकू गेले नाही, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितले. "नळ माझ्याकडंच फुटला हुता. माझी माती अक्काच्या परसात वाहून गेली. अक्का खरं बोलत हुत्या. त्यांनी माती दाखवली तवाच म्या ती वळखली हुती, आन् तरी त्यांला खोटं पाडलं."

हौसाबाईला खोटे पाडायला मदत केलेली हीच माणसे आता खाली बघू लागली.

भिकोबा पुढे गेला, टोपली रिती करून आला, आणि पुढची टोपली घेऊन पुन्हा पारावर थांबला. पुन्हा तेच बोलला. नवे कुणी आले की त्याला सांगायचा, जुने बसले असले तरी सांगायचा. "कळलं रं बाबा," म्हातारा शेवटी म्हणाला. "मला सांगू द्या, काका," भिकोबा म्हणाला, "म्या हितंच बसून खोटं सांगितलं हुतं." ढीग संपेपर्यंत तो बोलत राहिला आणि वाहत राहिला. संध्याकाळ झाली तेव्हा हौसाबाईच्या परसात तांबडे असे काही उरले नव्हते.

मग त्याने माजघराचे दार सताड उघडले. आळीतली माणसे आली. खड्ड्यातले दगड, कौले, राख आणि सांडलेले बियाणे आधी बाहेर निघाले. आतली ओल पुरती सुकू दिली. जुन्या कोब्याची कड तासून घेतली, म्हणजे नव्याला धरायला जागा मिळेल. मग तांबडी माती थोडी थोडी पडू लागली. पाण्याचा हबका, धुम्मसाचे ठोके, पुन्हा माती. बायकांनी चोपण्या घेतल्या आणि चोपता चोपता गाणे धरले.

जमीन वर आली तसे हौसाबाईला बोलावणे गेले. ती आली. डोक्यावर घागर, पाय अनवाणी. ती सरळ मधूनच चालली. सगळे श्वास रोखून बघत होते. मधोमध तिची टाच किंचित आत गेली.

"रुतली," हौसाबाई म्हणाली.

भिकोबाच्या कपाळावर आठी आली नाही. "चोपतो, अक्का," तो म्हणाला, आणि त्याने धुम्मस उचलला.

पुन्हा चोपून झाल्यावर ती पुन्हा फिरली. भिंतीकडून, कडेने, मधून आणि नेमकी त्याच जागेवर थांबून. तिने पायाखाली पाहिले. मग घागर खाली घेतली आणि तिच्या कुंडीचे ते पाणी चुन्याच्या कालवणात ओतले. "चुन्याला लागंल," ती म्हणाली, आणि जायला निघाली.

ती पायऱ्या उतरत असताना वरून एका बाईने हाक मारली, "हौसाक्का, उद्या दळायला ये गं आमच्याकडं!" हौसाबाईने मागे वळून पाहिले नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "यीन!"

चुन्याचा थर बसला, त्यावर ओले गवत पसरून तो मुरू दिला, आणि पेरणीआधी कणग्या आपल्या जागी आल्या. बियाणे भिकोबाच्याच घरी राहिले. नव्या कोब्याचा रंग मात्र जुन्याशी जुळला नाही. मधोमध एक ठिगळ दिसायचे. भिकोबाने ते कधी लपवले नाही. कुणी विचारले, तर तो सगळी हकिकत सांगायचा. बेडूक हौसाबाईच्या कुंडीच्या ओलाव्याला राहायला गेला आणि आपले ऐसपैस घर कसे गेले, याची तक्रार येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ करीत बसला.

तात्पर्य: गळती थांबवली म्हणजे काम संपत नाही, आपल्यामुळे जे वाहून गेले, ते आपल्याच डोक्यावरून परत आणून भरावे लागते.